कोरडवाहू तृणधान्यं आणि वाढती उष्णता: पिकाला चटका नेमका कधी बसतो?

जिरायत

हवामानबदल आणि शेती यावरचं काहीही वाचायला घेतलं की एक आकडा हमखास भेटतो. जगाचं सरासरी तापमान 1 अंशाने वाढलं की गव्हाचं उत्पादन साधारण 6 टक्के, मक्याचं 7.4 टक्के आणि भाताचं 3.2 टक्के घटतं. वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले अभ्यास एकत्र करून 2017 साली काढलेला हा अंदाज आहे. आकड्यावर माझा आक्षेप नाही, तो वापरण्याच्या तऱ्हेवर आहे. वाचणाऱ्याचा समज होतो की हंगामभर रोज थोडं थोडं नुकसान साचत जातं आणि शेवटी 6 टक्के भरतं. शेतात असं घडत नाही.

गहू फुटव्यांत असताना दोन-चार दिवस पारा चढला तर पीक तेवढ्यापुरतं मलूल होतं आणि पुढे सावरतं. तेच दिवस फुलोऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आले की गोष्ट वेगळी. त्या वेळी ओंबी अजून पोटरीत, म्हणजे पानाच्या वेढ्यात असते आणि आत परागकण घडत असतात. परागकोशाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, त्यावर हे परागकण पोसले जातात. उष्णतेत हा थर वेळेआधीच मोडतो आणि परागकण पोकळ राहतात. वरून पीक हिरवंगार दिसतं, ओंबी वेळेवर बाहेर पडते, पण तिच्यातली बरीच फुलं वांझ असतात. हे नुकसान पुढच्या पावसाने किंवा पाण्याने भरून निघत नाही, कारण दाण्यांची संख्या तिथेच ठरून गेलेली असते.

त्यानंतरचा टप्पा दाणे भरण्याचा. इथे संख्या ठरलेली आहे, वजन ठरायचं आहे. तापमान वाढलं की दाणा भरण्याचा वेग थोडा वाढतो, पण मुदत त्याहून जास्त आखडते. शिवाय दाण्यात साखरेपासून स्टार्च बनवणारं एक विकर (एन्झाइम) उष्णतेला फार नाजूक आहे, ते गव्हात पंचवीस अंशांच्या पुढेच मंदावायला लागतं. पानांत साखर असूनही दाण्यात ती स्टार्च म्हणून बसत नाही. हाती येतो तो बारीक, सुरकुतलेला दाणा.

म्हणून कुठल्याही कोरड्या प्रदेशाबद्दल बोलताना मला दोन प्रश्न आधी विचारावेसे वाटतात. उष्णतेची लाट पिकाच्या कोणत्या आठवड्यात येते? आणि त्या आठवड्यात मुळांच्या टप्प्यात ओल किती उरलेली असते? सरासरी तापमान किती वाढणार हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसऱ्या प्रश्नाचं वजन किती आहे ते आफ्रिकेतल्या मक्यावरून कळतं. तिथल्या 20,000 हून अधिक जुन्या चाचण्यांची नोंद तपासून 2011 साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. 30 अंशांच्या वर घालवलेल्या प्रत्येक ‘अंश-दिवसा’मागे (एक दिवस एक अंश वर, असा हिशेब) उत्पादन 1 टक्क्याने घटलं, तेही पाऊसपाणी ठीक असताना. दुष्काळी स्थितीत तीच घट 1.7 टक्के होती.

अजून एक. कोरडवाहू शेतीसाठी ‘कमी मुदतीचं वाण घ्या’ हा सल्ला सरसकट दिला जातो. तो किती खरा आहे यावर इथल्या जाणकारांची मतं वाचायला आवडतील.

वाचनखूण

वाचतेय. एक प्राथमिक शंका आहे. उष्णता आणि दुष्काळ बहुतेक वेळा हातात हात घालूनच येतात. मग नुकसान उष्णतेचं की पाण्याच्या तुटीचं, हे वेगळं करता येतं का? आणि पाणी भरपूर दिलं तर उष्णता बाधत नाही, असं म्हणायचं का?

पर्णरंध्र

शंका प्राथमिक नाही, विषयाचा गाभाच तो आहे.

पान पाणी सोडतं तेव्हा थंड होतं. भरपूर ओल असलेल्या शेतात भर दुपारी कोरड्या हवेत पिकाचं छत्र, म्हणजे पानांचा वरचा पसारा, हवेपेक्षा काही अंशांनी थंड असतं. ओल संपत आली की पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटतात, पाणी सुटणं थांबतं आणि तेच छत्र हवेपेक्षा गरम होतं. म्हणजे हवामानखात्याच्या नोंदीत दोन्ही शेतांवर 36 अंशच लिहिलेले असतात, पण एका शेतातली ओंबी 33 अंशांत असते आणि दुसऱ्या शेतातली 39 मध्ये. मेक्सिकोत सोनोरा वाळवंटाच्या पट्ट्यात सिउदाद ओब्रेगॉनला ‘सिमिट’ या गहू-मका संशोधन केंद्राचे प्रयोग चालतात. तिथे गहू मुद्दाम उशिरा पेरून त्याला उष्णतेत ढकलतात आणि अवरक्त तापमापीने छत्राचं तापमान मोजून कोणते वाण थंड राहतात ते पाहतात. थंड राहणाऱ्या वाणांची मुळं बहुतेक वेळा खोल गेलेली सापडतात.

आता उलटी बाजू. उष्णता स्वतःच दुष्काळ तयार करते. हवा जितकी गरम, तितकी तिची बाष्प सामावण्याची क्षमता जास्त. दर अंशाला ही क्षमता साधारण 7 टक्क्यांनी वाढते. 30 अंशांची आणि 30 टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिची बाष्पाची तूट, म्हणजे ती अजून किती बाष्प ओढू शकते ते माप, सुमारे 2.97 किलोपास्कल येते. हवेतलं बाष्प तेवढंच ठेवून तापमान फक्त 3 अंशांनी वाढवा, तूट 3.76 वर जाते. पावसाचा एक थेंबही कमी झालेला नाही, तरी हवेची ओढ सव्वापट झाली. पिकाकडे दोनच मार्ग उरतात. रंध्रं उघडी ठेवून पाणी लवकर संपवायचं, किंवा रंध्रं मिटून उपाशी राहायचं आणि तापायचं.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: पाणी दिल्याने बाधा कमी होते, संपत नाही. 2022 चा मार्च भारतात 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च होता. वायव्येकडचा गहू बहुतांश बागायती, तरी दाणे भरण्याच्या ऐन वेळी तो सापडला, उत्पादनाचे अंदाज खाली आणावे लागले आणि 13 मे रोजी निर्यातीवर बंदी आली.

भरडधान्य

या चर्चेत गहू आणि मका एवढंच का? कोरड्या प्रदेशाची खरी तृणधान्यं ज्वारी, बाजरी, राळा, वरी ही आहेत. यांची प्रकाशसंश्लेषणाची रीतच वेगळी आहे. गहू, भात, सातू यांच्यात कार्बन पकडणारं विकर उष्णतेत चुकून ऑक्सिजन पकडू लागतं आणि बनलेल्या साखरेतला काही भाग वाया जातो. ज्वारी-बाजरीत त्या विकराभोवती कार्बन डायऑक्साइड दाटीने आणून ठेवण्याची व्यवस्था असते, त्यामुळे ही गळती जवळपास थांबते. तेवढ्याच पाण्यात जास्त कोरडा माल तयार होतो. बाजरी तर फुलोऱ्यात 42 अंशांपर्यंत दाणे धरते. जिथे गहू आणि मका दरवर्षी मार खातात तिथे पीकच बदलणं हा सर्वांत सरळ उपाय आहे. धोरणं, खरेदी आणि संशोधनाचा पैसा मात्र अजून गहू, भात आणि मक्याकडेच वळलेला आहे, हे मला मनापासून खटकतं.

जिरायत

पीकबदलाच्या मुद्द्याशी सहमत. पण भरडधान्यांना उष्णता बाधतच नाही असा समज पसरायला नको, म्हणून थोडी भर घालतो.

मका हीसुद्धा त्याच रीतीची वनस्पती आहे, तरी तिची अवस्था वर दिलेलीच आहे. पान उष्णतेत काम करतं याचा अर्थ फूलही तग धरतं असा होत नाही. ज्वारीत दोन कालखंड फार नाजूक आहेत. पहिला फुलोऱ्याच्या 10 ते 5 दिवस आधीचा, दुसरा फुलोऱ्याच्या 5 दिवस आधीपासून 5 दिवस नंतरपर्यंतचा. या काळात दिवसाचं कमाल तापमान 36–38 अंशांच्या पुढे गेलं की कणसात दाणे भरण्याचं प्रमाण झपाट्याने पडतं. वाणावाणांत फरक खूप आहे, आणि आशा धरायची ती त्याच फरकावर. ज्वारीची फुलं बहुधा मध्यरात्रीनंतर ते सकाळपर्यंत उमलतात, त्यामुळे परागीभवनाची वेळ तरी दुपारच्या झळांतून सुटते.

बाजरीत आणखी वेगळं. तिच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पुंकेसर नंतर. मधले काही दिवस स्त्रीकेसर उघडे असतात. बाजरीच्या प्रयोगांत परागकणांपेक्षा हेच स्त्रीकेसर उष्णतेला जास्त हळवे आढळले. 42 अंशांच्या पुढेही दाणे धरणाऱ्या काही ओळी (पैदासकारांकडचे वंश) ‘इक्रिसॅट’ या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेच्या चाचण्यांत सापडल्या आहेत, पण सगळी बाजरी तशी नाही.

वाफसा

फुलोऱ्याचं सगळे बोलतात, रोपाचं कुणी बोलत नाही. मी कोरडवाहू शेती करतो, म्हणून हे लिहितो. पीक फुलोऱ्यापर्यंत पोहोचलं तर पुढचं सगळं.

आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात पेरणीच्या दिवसांत वाळूच्या वरच्या थराचं तापमान 50 अंशांच्या पुढे जातं. उगवलेल्या बाजरीच्या कोवळ्या खोडाला जमिनीलगत चटका बसतो आणि रोप कोलमडतं. ओल असते, बी चांगलं असतं, तरी पेरलेल्या ओळी विरळ होतात. दोन पावसांत खंड पडला की वरचा थर वाळतो आणि तापतो, म्हणजे खंड आणि उष्णता इथे एकच संकट होऊन येतात. मग दुबार पेरणी. बियाण्याचा खर्च तर होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे पिकाचं सगळं वेळापत्रक मागे सरकतं आणि फुलोरा कोरड्या दिवसांत जाऊन पडतो. ज्या आठवड्याची चर्चा वर चालली आहे तो आठवडा पेरणीच्या वेळीच निम्मा ठरलेला असतो.

पाऊस पडण्याची तऱ्हाही बदलली आहे. साहेलमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या दुष्काळांनंतर पाऊस काही प्रमाणात परतला, पण 1982 पासूनच्या उपग्रह नोंदींत तिथल्या अतितीव्र वादळांची वारंवारता तिपटीने वाढलेली दिसते. वार्षिक बेरीज बरी दिसते. प्रत्यक्षात पाणी धो-धो येतं, जमीन घट्ट करून वाहून जातं आणि आठवड्यात माती पुन्हा भाजते.

यावर बुर्किना फासोमध्ये ‘झाई’ची जुनी रीत होती. याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याने 1980 च्या सुमारास ती सुधारून नव्याने रुजवली. उन्हाळ्यातच कडक झालेल्या जमिनीत वीतभर रुंद आणि त्याहून थोडे कमी खोल खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत-पालापाचोळा टाकायचा. वाळवी तो खायला येते आणि जमीन पोखरून ठेवते. पहिला पाऊस खड्ड्यात साठतो आणि तिथेच ज्वारी-बाजरी टोकायची. सावाडोगो 2023 साली गेले. त्यांनी अशीच जमीन तयार करत ओसाड माळावर झाडांचं जंगलही उभं केलं. उष्णतेवरचा उपाय म्हणून कुणी झाईचं नाव घेत नाही, पण माझ्या मते तो तसाच आहे, कारण खड्ड्यातली ओल रोपाचा पायथा थंड ठेवते.

उत्तररात्र

रात्रीच्या तापमानाचा उल्लेख अजून आला नाही. दिवसाच्या 40 अंशांची बातमी होते, रात्रीच्या 27 ची होत नाही.

झाड रात्री श्वसन करतं, म्हणजे दिवसा कमावलेल्या साखरेतली काही खर्च करतं. रात्र उबदार असली की हा खर्च वाढतो. दुसरं म्हणजे पिकाचं वाढीचं घड्याळ पुढे धावतं. अवस्था लवकर उरकतात आणि उन्हाचे दिवस कमी मिळतात. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरच्या 1992 ते 2003 च्या नोंदींत कोरड्या हंगामातल्या रात्रीच्या किमान तापमानात 1 अंश वाढीमागे भाताचं उत्पादन 10 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. भात बागायती असल्याने पाण्याच्या तुटीचा गोंधळ तिथे नाही. गहू आणि सातूवर अर्जेंटिनात शेतातच रात्री तंबूखाली हवा गरम करून प्रयोग झाले. दाण्यांची संख्या ठरण्याच्या काळात रात्री उबदार ठेवल्या तर दर अंशाला सुमारे 7 टक्के घट आली.

कोरड्या प्रदेशांची एक जमेची बाजू होती: दिवस कितीही तापला तरी निरभ्र आकाशाखाली रात्र गार व्हायची. ती बाजू हळूहळू निसटते आहे. दुपारच्या उन्हाला सावली, आच्छादन, पाणी असं काहीतरी करता येतं. उबदार रात्रीवर शेतकऱ्याच्या हाती जवळपास काहीच नाही, वाण सोडून. म्हणून पैदासकारांनी रात्रीकडे जास्त लक्ष द्यावं असं मला फार वाटतं.

वाचनखूण

सगळे प्रतिसाद अप्रतिम. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढल्याने पिकं जोमाने वाढतात आणि उष्णतेचं नुकसान भरून निघतं, असंही वाचलं होतं. त्याचं काय?

ऋतुमान

मी पीक-प्रारूपांवर, म्हणजे हवामानावरून उत्पादनाचा अंदाज काढणाऱ्या गणितांवर काम करते, म्हणून हा प्रश्न घेते.

1958 मध्ये हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे 315 भाग होता, आता 420 च्या पुढे आहे. गहू, सातू, भात यांना याचा थेट फायदा होतो. ज्वारी-बाजरी-मक्यात तो आधीच आत दाटवलेला असल्याने थेट फायदा फारसा नाही. पण दोन्ही गटांत रंध्रं थोडी मिटून घेता येतात आणि पाणी वाचतं. ॲरिझोनात उघड्या शेतात वायू सोडून ज्वारीवर प्रयोग झाले, तेव्हा पाण्याची ओढ असलेल्या ज्वारीला फायदा झाला, भरपूर पाणी दिलेल्या ज्वारीला नाही. कोरडवाहू शेतीसाठी ही खरी जमेची गोष्ट आहे, ती नाकारू नये.

पण दोन गोष्टी विसरू नयेत. रंध्रं मिटली की छत्र तापतं, हे पर्णरंध्र यांनी लिहिलंच आहे. म्हणजे वाचलेल्या पाण्याची किंमत थोडी उष्णतेत मोजावी लागते. दुसरं, धान्याचा कस. कार्बन डायऑक्साइड 546 ते 586 भाग असलेल्या हवेत वाढवलेल्या गव्हात जस्त 9.3 टक्के, लोह 5.1 टक्के आणि प्रथिनं 6.3 टक्के कमी भरली, असं 2014 साली अनेक प्रयोगस्थळांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं. ज्वारीसारख्या पिकांत ही घट बरीच कमी होती. कोरड्या प्रदेशांत ताटातलं लोह आणि जस्त बहुतांशी धान्यातूनच येतं, त्यामुळे पोती मोजून भरपाई झाली असं म्हणणं मला अपुरं वाटतं.

प्रत्यक्षात काय घडलं हे पाहायचं तर ऑस्ट्रेलियाचा गहू पाहावा. उपलब्ध पाऊस आणि तापमान यांवर तिथे जास्तीत जास्त किती गहू येऊ शकतो, ही मर्यादा 1990 ते 2015 या काळात 27 टक्क्यांनी खाली आली. शेतकऱ्यांचं खरं उत्पादन मात्र पडलं नाही, जवळपास जिथल्या तिथे राहिलं. कारण त्याच काळात बिनानांगरणीची शेती, धसकटांचं आच्छादन, वेळेवर पेरणी, चांगले वाण हे सगळं आलं. पंचवीस वर्षांची सुधारणा जागेवर टिकून राहण्यातच खर्ची पडली. कोरडं क्षेत्रही पसरतं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराच्या 2024 च्या अहवालानुसार अंटार्क्टिका सोडून उरलेल्या जमिनीपैकी 40.6 टक्के आता कोरड्या प्रदेशात मोडते.

खोलमूळ

धागाकर्त्याने शेवटी विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो: कमी मुदतीचं वाण.

हा सल्ला एका ठरावीक परिस्थितीत बरोबर आहे. पाऊस ठरल्या वेळी संपतो, जमीन उथळ आहे, ओल साठवायला जागा नाही, अशा ठिकाणी दुष्काळ येण्याआधी पीक घरात यायला हवं. पण उष्णतेने मुदत आधीच आखडते आहे. त्यात आपण स्वतःहून कमी मुदतीचं वाण घेतलं तर पिकाला मुळं खोल सोडायला आणि कणीस मोठं करायला वेळच उरत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षीही ते हात आखडूनच पिकतं.

ऑस्ट्रेलियात उलट वाट काढली गेली. फुलोरा कोणत्या आठवड्यात यायला हवा हे आधी ठरवलं: कडाक्याच्या थंडीने फुलं मरण्याचा धोका सरला आहे आणि उन्हाळ्याच्या झळा अजून सुरू झालेल्या नाहीत, असा तो अरुंद काळ. मग पेरणी आधी केली, पण वाण मुद्दाम हळू वाढणारं घेतलं. फुलोरा त्याच आठवड्यात आला, फक्त पिकाला मागे जास्त दिवस मिळाले. मुळं खोल गेली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या कामात या पद्धतीने उत्पादन वाढलेलं दिसलं. नेहमीचं लवकर येणारं वाण आधी पेरलं असतं तर फुलोरा थंडीत सापडला असता.

मुळं खोल जाण्याची किंमत किती, तर तिथल्याच एका प्रयोगात फुलोऱ्यानंतर 1.35 ते 1.85 मीटर खोलीवरून उचललेल्या पाण्याच्या दर मिलिमीटरमागे हेक्टरी 59 किलो गहू मिळाला. हंगामभरच्या पाण्याचा हिशेब करता चांगल्या शेतातही मिलिमीटरमागे 20 किलोच्या आसपासच मिळतात. शेवटच्या आठवड्यांतलं पाणी असं जवळपास तिप्पट मोलाचं ठरतं. पीक त्या वेळी ते पाणी पानं वाढवायला खर्च करत नाही, सरळ दाण्याला देतं.

ज्वारीत हेच दुसऱ्या वाटेने साधलं आहे. इथिओपियाच्या जुन्या ज्वारीतून आलेला ‘शेवटपर्यंत हिरवं राहण्याचा’ गुण पैदासकार अनेक वर्षं वापरत आहेत. आधी वाटायचं की ही पानं चिवट आहेत म्हणून टिकतात. बारकाईने पाहिल्यावर कळलं की ही ज्वारी सुरुवातीलाच फुटवे कमी करते, छत्र लहान ठेवते, आणि फुलोऱ्यापर्यंत पाणी कमी पिते. दाणे भरताना जमिनीत ओल शिल्लक असते, म्हणून पानं हिरवी राहतात.

भरडधान्य

हे वाचून एक कोडं पडलं. इक्रिसॅटमध्ये बाजरीच्या काही ओळी अशा सापडल्या आहेत की हवा फार कोरडी झाली की त्या दुपारी रंध्रं आवरून घेतात आणि पाणी शेवटासाठी राखतात. पण पर्णरंध्र म्हणतात पाणी सोडलं तरच छत्र थंड राहतं. मग पैदासकाराने निवडायचं काय? पाणी राखणारी बाजरी की थंड राहणारी?

पर्णरंध्र

या प्रश्नावर संशोधकांतही मतभेद आहेत. माझं मत असं: जागेवर अवलंबून, आणि पिकाच्या वयावर तर त्याहून जास्त.

हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात छत्र दोन अंशांनी तापलं तर फारसं बिघडत नाही, त्या वेळी दुपारची उधळपट्टी टाळून पाणी राखणं फायद्याचं. फुलोऱ्याच्या त्या दहा-पंधरा दिवसांत मात्र रंध्रं उघडी राहायला हवीत. आधी राखलेलं पाणी तिथेच खर्च व्हायला हवं. वाण आधी काटकसरी आणि मग सढळ असावं, ही अपेक्षा मोठी आहे, पण खोलमूळ यांनी सांगितलेली ज्वारी साधारण हेच करते, फक्त रंध्रांऐवजी पानांचा पसारा कमी ठेवून. दमट उष्ण भागात पाणी राखण्याचा गुण जवळपास निरुपयोगी आहे. साठवलेल्या ओलीवर येणाऱ्या पिकात तो सर्वांत मोलाचा.

आणि कृपया कोणीही पैदाशीच्या प्रयोगात एकाच दुपारचं छत्राचं तापमान पाहून वाण निकालात काढू नये. त्या दिवशी गरम दिसणारं वाण कदाचित पुढच्यासाठी पाणी राखून बसलेलं असतं.

वाफसा

खोलमूळ यांच्या मुद्द्याला जोडून खताचं. पाऊस चांगला सुरू झाला की पेरणीलाच सगळा युरिया टाकायचा मोह होतो. पीक अंगावर येतं, बघायला सुंदर दिसतं, आणि तेवढ्या पानांनी सगळी ओल फुलोऱ्याआधीच पिऊन टाकलेली असते. मग चार उष्ण दिवसांत शेत पांढरं पडतं. कडबा उदंड, दाणा नाही. नत्र थोडं थोडं, पाऊस पाहून द्यावं.

झाडांबद्दलही लिहायचं होतं. साहेलमध्ये फेडर्बिया अल्बिडा नावाचं बाभळीच्या जवळचं झाड आहे. ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं. म्हणजे बाजरी वाढताना ते तिचं ऊन अडवत नाही, आणि गळलेली पानं खत होतात. नायजरमध्ये शेतकऱ्यांनी जमिनीतल्या जिवंत खुंटांचे फुटवे राखून सुमारे 50 लाख हेक्टरवर अशी झाडं परत आणली, रोपं न लावता. वारा अडतो, माती कमी तापते.

ऋतुमान

छान आठवण केलीत. आमच्या प्रारूपांत असं एक झाडसुद्धा नसतं. शेत म्हणजे सपाट, मोकळं, एकाच पिकाचं, असं धरून गणित चालतं. फुलोऱ्याच्या चार दिवसांतली वांझ फुलंही कितीतरी प्रारूपांत नीट बसवलेली नसतात. त्यामुळे 6 टक्क्यांचा आकडा काही जागी जास्त तर काही जागी फार कमी असू शकतो.

वाचनखूण

उष्णता सोसणारे गुण मुळात येतात कुठून? नवीन वाणांत ते आधीपासून असतात की जुन्या वाणांतून आणावे लागतात?

जिरायत

बरेचसे जुन्या स्थानिक वाणांतून आणि रानटी नातेवाइकांतून. म्हणून बियाणे-कोश जपणं हे काम मला शेतीइतकंच निकडीचं वाटतं. कोरड्या प्रदेशांच्या शेतीवर काम करणाऱ्या ‘इकार्डा’चा कोश सीरियात अलेप्पोजवळ होता. गहू, सातू, मसूर, हरभरा यांची जुनी वाणं तिथे होती. युद्धात ते केंद्र हातचं गेलं. पण बहुतेक बियाण्यांच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्डच्या बर्फाळ भांडारात आधीच ठेवलेल्या होत्या. 2015 साली त्या परत मागवल्या गेल्या. त्या भांडारातून बियाणं बाहेर काढण्याची ती पहिली वेळ. मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये ते पेरून संग्रह पुन्हा उभा केला, आणि नव्याने तयार झालेल्या बियाण्याच्या प्रती परत स्वालबार्डला पाठवल्या.

उत्तररात्र

एक व्यवहाराचा प्रश्न. काढणीच्या वेळी शेतात उभं राहून, नुकसान फुलोऱ्यात झालं की दाणे भरताना, हे ओळखता येतं का? त्यावर पुढच्या वर्षीची पेरणीची तारीख ठरवता येईल.

खोलमूळ

बऱ्यापैकी येतं. गव्हाची ओंबी हातात घेऊन कुसळं बाजूला सारा आणि उजेडाकडे धरा. कोंड्यात दाणाच नसेल, तिथून उजेड आरपार दिसत असेल, तर फटका फुलोऱ्यात किंवा त्याच्या थोडा आधी बसला. दाणे मोजायला पुरेसे आहेत पण हलके आणि सुरकुतलेले, तर दाणे भरतानाच्या उष्णतेचा किंवा ओल संपल्याचा परिणाम. ज्वारीच्या कणसावर वांझ पट्टा कुठे आहे तेही पाहा. कणीस टोकाकडून खाली फुलत येतं, त्यामुळे मधलाच पट्टा रिकामा असेल तर तो भाग फुलत होता ते दिवस वाईट होते, आणि तारखा लिहून ठेवल्या असतील तर ते दिवस जवळपास सांगता येतात.

मक्यात टोक रिकामं असलं तरी नीट बघा. तिथे सुकलेले बारीक दाणे चिकटलेले दिसले तर परागीभवन झालं होतं, दाणे नंतर सोडून दिले गेले. काहीच खूण नसेल तर तिथल्या स्त्रीकेसरांना पराग मिळालेच नाहीत. दाणे कणीसभर विखुरलेले असतील तर ऐन परागीभवनातच अडचण झाली. मात्र नत्र कमी पडणं, दाट पेरणी किंवा कीड यांनीही टोक रिकामं राहतं, त्यामुळे शेताच्या चार वेगवेगळ्या भागांतली कणसं सोलून पाहिल्याशिवाय उष्णतेवर बोट ठेवू नका.